एवढं सगळं वाचूनही मी मिस्साला का जातो

नगररोडवाला
ऑफिसातला एक मित्र, स्वतः कट्टर नास्तिक, परवा म्हणाला, "फ्रान्सचा तो अहवाल वाचूनही तू रविवारी चर्चला जातोस?" तो २०२१ चा, तिथल्या कॅथलिक चर्चनेच नेमलेल्या स्वतंत्र आयोगाचा. १९५० पासून धर्मगुरू आणि व्रतस्थांनी ज्यांच्यावर लैंगिक अत्याचार केले त्या मुलांचा अंदाज २ लाख १६ हजार. त्याआधी अमेरिकेत उघडकीस आलेली अशीच प्रकरणं, २००२ चं बोस्टन, २०१८ चं पेनसिल्व्हेनिया. वाचलंय सगळं. तरी रविवारच्या मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, जातो.

माझा विश्वास फादरच्या चारित्र्यावर कधी बेतलेलाच नव्हता. चौथ्या शतकात उत्तर आफ्रिकेत वाद पेटला होता की ख्रिस्ती लोकांच्या छळाच्या काळात कच खाल्लेल्या धर्मगुरूंच्या हातचे बाप्तिस्म्यासारखे संस्कार चालतात का. डोनाटसच्या अनुयायांचं म्हणणं, नाही. संत ऑगस्टीनचं उत्तर, हात कुणाचाही असो, बाप्तिस्मा ख्रिस्तच देतो. मला ते पटतं.

दुसरं कारण घरातलं. आई शेवटी अंथरुणाला खिळली तेव्हा आमच्या धर्मग्रामातल्या (एका चर्चच्या हद्दीतल्या) एक सिस्टर, व्रत घेतलेल्या, महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी ख्रिस्तप्रसादाची (मिस्सातल्या पवित्र भाकरीची) छोटी डबी घेऊन यायच्या. तिसरा मजला, लिफ्ट नाही, त्यांचेही गुडघे गेलेले. आईला गिळता येत नसे, म्हणून नखाएवढा तुकडा मोडून चमचाभर पाण्यातून द्यायच्या. मग डबीच्या कडेला राहिलेला कण बोटाने टिपून स्वतः घ्यायच्या. ही बाईसुद्धा चर्चच आहे ना? मी चर्च सोडलं तर कुणाला सोडलं म्हणायचं?

माजी अल्टरबॉय
सिस्टरांना नमस्कार, मनापासून. पण ऑगस्टीन इथे फार सोयीचा पडतो रे. बाप्तिस्मा चालतो की नाही, हे विचारलंय कुणी? तक्रार आली की गुपचूप बदली करून दुसऱ्या धर्मग्रामात पाठवणाऱ्या बिशपांचं काय, ते बोल. असल्या प्रकरणांवरचं 'पोपचं गुपित', म्हणजे चर्चचा गुप्ततेचा नियम, उठलं डिसेंबर २०१९ मध्ये, बोस्टननंतर १७ वर्षांनी. तोवर तुझ्यासारखी भली माणसं बाकांवर बसून होती आणि दानाची थैली भरत होती. तुमच्या भलेपणाच्या आडच हे सगळं खपून गेलं.

हरेगाव ते हडपसर
घरातलं भांडण चव्हाट्यावर कशाला मांडता? आधीच आपण मूठभर, प्रार्थनासभांवर लोक चालून येतात. सप्टेंबरात हरेगावला मतमाउलीच्या (मरियामातेच्या) यात्रेला या, नवस फेडायला दुसऱ्या धर्माचे किती येतात बघा. चांगलं दिसतच नाही का तुम्हाला?

नगररोडवाला
काका, यात्रेला मीही येतो. पण 'चव्हाट्यावर नको' म्हणत म्हणतच घात झाला. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा पॉक्सो कायदा २०१२ चा, कलम १९ : असं काही कळलं की पोलिसांना कळवायचं. बिशप हाउस नंतर. न कळवणाऱ्याला ६ महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते.
थैलीचं म्हणशील तर चर्चच्याच कायद्यात, कलम ५३७, प्रत्येक धर्मग्रामात वित्त समिती सक्तीची आहे. मी आमच्या समितीत आहे. हिशेब आता नोटीस बोर्डावर लागतो. बाहेर राहून हे झालं नसतं.

माजी अल्टरबॉय
तेच कलम नीट वाच. समिती फादरला 'मदत' करते. शेवटचा शब्द त्याचाच.

वडगावशेरीची
दोघेही कलमं काय काढत बसलाय! २०१८ मध्ये कोचीला पाच सिस्टर एका बिशपविरुद्ध धरण्याला बसल्या, त्याच्याविरुद्ध अत्याचाराची तक्रार केलेल्या आपल्या सिस्टर मैत्रिणीसाठी. कोर्टाने २०२२ मध्ये बिशपना निर्दोष सोडलं, तो निकाल आहे. पण त्या पाचजणी बसल्या होत्या व्रताच्या कपड्यांत, चर्चच्या आत राहूनच. त्यांना 'सोडून जा' म्हणणं सोपं. मी राहिले ती अशा बायकांमुळे, ऑगस्टीनमुळे नाही. आणि हो, आत राहायचं तर सगळ्यांनी राहू. आमच्याकडे मराठी मिस्सा भल्या पहाटे आणि इंग्रजी आरामात साडेआठला, यावरही कधीतरी समितीत तोंड उघडा.

नगररोडवाला
ताई, बरोबर. मराठी मिस्साचा विषय पुढच्या बैठकीत घेतो.

माजी अल्टरबॉय
एकच विचारतो. स्वतःच्या मुलाला अल्टरवर, मिस्सात फादरच्या मदतीला, पाठवतोस?

नगररोडवाला
पाठवतो. सॅक्रिस्टीचं, म्हणजे मिस्साच्या तयारीच्या खोलीचं, दार उघडं असतं, आत दोन पालक असतात, आळीपाळीने. परवाच्या रविवारी मीच होतो.

माजी अल्टरबॉय
देवाच्या घरात पहारा ठेवावा लागतो, यातच आलं सगळं.

नगररोडवाला
शाळेच्या बसमध्येही बाई ठेवतातच की.

माजी अल्टरबॉय
शाळेची बस स्वतःला पवित्र म्हणवत नाही.