मदत हवी आहे: पृथ्वीच्या चार आवरणांचं आपल्या भागातलं उदाहरण (महापूर सोडून)

मिरजमामा
नमस्कार मंडळी. भाची नववीत आहे, शाळा पलूस तालुक्यात. विज्ञान प्रदर्शनाला विषय मिळालाय: शिलावरण, जलावरण, वातावरण आणि जीवावरण यांचा एकमेकांवर होणारा परिणाम. जलचक्राचं चित्र बाईंनी आधीच बाद केलंय. महापूर घ्यावा तर वर्गातले बाकीचे गट सांगलीचा आयर्विन पूल थर्माकोलचा करायचा की पुठ्ठ्याचा, यावर भांडतायत.

मी कोयना सुचवलं. पाऊस पडला, धरण भरलं, ११ डिसेंबर १९६७ ला पहाटे भूकंप झाला. तीन आवरणं झाली की! पण दोन शंका आहेत. "धरणाच्या वजनानं भूकंप झाला" असं बेधडक लिहायचं का? आमच्याकडं सगळे तसंच सांगतात. आणि जीवावरण कुठं बसवायचं? "माणसं दगावली, घरं पडली" एवढ्यावर भागवणं मला पटत नाही. मॉडेल बाकावर मावलं पाहिजे, खर्च पाचशेच्या आत. आगाऊ आभार.

घाटमाथा
नुसतं वजन लिहू नका. तिथल्या खडकात भ्रंश, म्हणजे खडक तुटून दोन बाजू सरकलेल्या भेगा, आधीपासून आहेत आणि ताणही आधीच साठलेला होता. धरणानं निमित्त दिलं. साठ्याचं पाणी भेगांमधून खोल मुरतं, आतल्या पाण्याचा दाब वाढतो आणि भ्रंशाच्या दोन बाजूंना धरून ठेवणारं घर्षण कमी पडतं. वजनाचाही वाटा असतो, पण सगळा नाही. १९६२ पासून पाणी साठायला लागलं तसे लहान धक्के सुरू झाले, ६७ चा मोठा ६.३ रिश्टरचा. आजही पावसाळ्यात धरण भरलं की नंतर तिथं धक्के वाढतात. याच अभ्यासासाठी गोठण्याला तीन किलोमीटर खोल भोक पाडलंय. त्यात वरचा सव्वा किलोमीटर नुसता काळा पत्थर, म्हणजे बेसाल्ट, आणि खाली ग्रॅनाइटसारखा जुना खडक.

मिरजमामा
वा, हे झकास समजलं. पण बाकावर दाखवायचं कसं? आणि जीवावरण अजून बाहेरच उभं आहे.

बागायतदार_वाळवा
मामा, कोयना राहू द्या. भाचीला क्षारपड रानात न्या. आमच्या भावकीत आहे तसलं. उन्हाळ्यात सरीच्या वरंब्यावर पांढरं फूल आलेलं असतं, बोटानं खरवडलं तर पीठ निघतं. ऊस गुडघ्याएवढा होऊन पिवळा पडतो, मध्येच टक्कल पडल्यागत मोकळी जागा. कारण सगळ्यांना पाठ आहे: पाटाचं पाणी फुकटच्या भावात, पाळी आली की रान तुडुंब भरायचं. काळ्या रानाला निचरा कमी. खालची पाणीपातळी वर येते, ऊन पाणी ओढून घेतं, क्षार वरच राहतात. पाणी, माती, ऊन, ऊस, चारी आले बघा.

घाटमाथा
हेच घ्या. बाईंना आवडेल अशी एक भर घालतो. हे क्षार आले कुठून? काही खतांतून, पण बरेचसे मूळच्या दगडातून. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा महाबळेश्वरलाही आहे आणि पलूसलाही. दगड तोच, पाऊस वेगळा. सह्याद्री ढगांना वर ढकलतो, म्हणून महाबळेश्वरला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, आणि डोंगर ओलांडून तुमच्याकडं येईतो पाचशे-सहाशेवर. तिकडं पावसानं विरघळणारं सगळं धुऊन नेलं, मागं लोखंड आणि ॲल्युमिनियमवाला तांबडा जांभा राहिला. कासच्या पठारावर म्हणूनच माती पातळ आणि निकस. तिथं दवबिंदूसारख्या वनस्पती किडे खाऊन नायट्रोजन भागवतात. तुमच्याकडं धुणारा पाऊस नाही, म्हणून काळी कसदार माती टिकली आणि तिच्याबरोबर क्षारही. जीवावरण दोन्हीकडं आहे, एकीकडं किडे खाणारं रोप, दुसरीकडं पाणी पिणारा ऊस.

मिरजमामा
हे डोक्यात बसलं! आता मॉडेल?

बागायतदार_वाळवा
भोकं असलेल्या दोन कुंड्या घ्या. काळी माती एकटी फार हळू ओढते, म्हणून निम्मी वाळू मिसळा. दोन्ही मिठाच्या पाण्यानं भिजवा. पहिली परातीत मिठाच्या पाण्यात उभी करून उन्हात ठेवा. परात सुकू देऊ नका, वरून पाणी घालू नका. माती वरपर्यंत ओली झाली की पांढरं यायला लागेल. दुसरी विटांवर ठेवा, वरून साधं पाणी थोडं थोडं घाला आणि खालून गळणारं वाटीत धरा. ते चाखायला लावू नका, चमचाभर ताटलीत वाळवा, मीठ आपोआप दिसेल. हाच निचरा. आमच्याकडं रानात जमिनीखाली भोकांचे पाइप घालतात ते याचसाठी, फक्त त्याचा खर्च पाचशेत बसत नाही. 😄 आणि आठवडाभर आधीच लावा, ढगाळ हवेत वेळ लागतो.

घाटमाथा
दोन्हींत मोहरी किंवा मेथी पेरा. पहिलीत उगवणं अवघड, दुसरीत चार पाळ्या धुतल्यावर पेरलीत तर उगवेल. मागं पुठ्ठ्यावर सह्याद्रीचा उभा छेद काढा, डावीकडं जांभा, उजवीकडं काळी माती.

मिरजमामा
कुंड्या आहेत, परात आईची पळवतो. जांभ्याचा तुकडा कुणाकडं असेल तर कळवा, पाचगणीकडनं कुणी येणार असेल तर फारच बरं.