बागेला ‘मोकळी जागा’ म्हणणाऱ्यांना

पूर्वभागकर
सोलापुरात आमच्या गल्लीच्या टोकाला महापालिकेची बाग आहे. नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर चर्चा बागेवरून नगरसेवकांवर जायला वेळ लागत नाही. गेल्या आठवड्यात मोजणीवाले आले आणि मागच्या बाजूला चुन्याच्या रेघा मारून गेले. तिथं स्वस्त घरांच्या तीन इमारती व्हायच्या आहेत म्हणे. विचारलं तर उत्तर एकच, “मोकळीच तर आहे जागा.”

मोकळी? मे महिन्यात दुपारी या. पारा 43-44 वर असतो, घराचे पत्रे तापून हात लावू देत नाहीत. रात्रपाळी करून आलेले यंत्रमागवाले मागच्या कडुनिंबाखाली टॉवेल टाकून झोपलेले असतात. शेजारी बायका सूप मांडीवर घेऊन विड्या वळत बसतात. संध्याकाळी पोरं, आणि तेलुगूत एकमेकींच्या सुनांचा हिशेब मांडणाऱ्या आज्ज्या. दहा बाय दहाच्या खोलीत सहा माणसं राहतात त्यांचा हा ओटा आहे. ओटा काढून तिथं खोली बांधली तर घर वाढलं म्हणायचं का?

तसंही सोलापुरात रिक्षावाल्याला नुसतं ‘पार्क’ म्हणा, तो स्टेडियमपाशी सोडतो. बागा किती आहेत ते त्यावरून समजा.

थप्पीवाली
दादा, त्या सूपवाल्या बायकांत माझी आई असते, म्हणून लिहिते. ती तिथं हौसेनं बसत नाही. घरात उजेड नाही, वारा नाही, म्हणून बसते. तुम्ही तिची सावली वाचवायला निघालात, पण तिला खिडकीचं घर मिळालं तर सावलीला कशाला येईल ती? सकाळी फेऱ्या मारायला येणाऱ्यांना स्वतःची घरं आहेत. त्यांना बाग हवी, आम्हाला भिंती हव्यात.

सात रस्ता
घर तिलाच मिळेल हे कोणी सांगितलं बे? पहिली यादी गरिबांची असते. चार वर्षांनी जाऊन बघ, खाली कोचिंग क्लास आणि वर ज्यानं भाड्यानं द्यायला घेतलं तो. आणि घरं बांधायचीच तर गिरण्यांच्या जागांवर का नाही बांधली? 1877 ची जुनी गिरणी घ्या, लक्ष्मी-विष्णू घ्या. भोंगे बंद झाले तेव्हा एवढी जमीन सुटली, तिच्यावर गिरणी कामगाराला किती खोल्या मिळाल्या ते विचारा. तेव्हा कोणाला गरीब आठवला नाही. आता बाग दिसली की आठवतो.

थप्पीवाली
गिरणीच्या जागेवर आम्हाला घर दिलं नाही, म्हणून बागेतही देऊ नका? हा कुठला न्याय? आणि घरं गरिबांना मिळतच नाहीत हे खोटं आहे. शहराबाहेर कुंभारीत रे नगरची 30,000 घरांची योजना आहे, त्यातल्या 15,000 घरांचं लोकार्पण जानेवारी 2024 मध्ये झालं. विडी, यंत्रमाग अशा असंघटित कामगारांसाठीच आहेत ती. त्याआधी तिथंच विडी कामगारांची 10,000 घरं झाली. भांडून मिळवली लोकांनी. माझी मावशी तिकडं गेली. घर चांगलं आहे, पण काका लूमवर, लूम शहरात. रोज शेअर रिक्षा, आणि रात्रपाळी सुटल्यावर तर तीही मिळत नाही. म्हणून म्हणते, गावातच घर हवं.

नकाशावाला
भावना बाजूला ठेवून एक प्रश्न. मालमत्ता पत्रकावर नाव कोणाचं आहे? विकास आराखड्यात उद्यानाचं आरक्षण असेल तर ‘मोकळी आहे’ म्हणून तिथं इमारत उठवता येत नाही. 1966 च्या नगररचना कायद्याच्या कलम 37 खाली फेरबदल करावा लागतो. त्यासाठी राजपत्रात नोटीस, हरकती-सूचनांना एक महिना, मग शासनाची मंजुरी. बंगळूरला उद्यानाची राखीव जागा खासगी रुग्णालयाला दिली होती. सर्वोच्च न्यायालयानं 1991 मध्ये ते वाटप टिकू दिलं नाही.

पूर्वभागकर
पत्रक काढलं. पुढचा भाग पालिकेच्या नावावर, मागचा तुकडा अजून मूळ मालकाच्या वारसांच्या नावावर. चुना नेमका मागच्यावर.

नकाशावाला
मग तुमचं घोडं इथं अडलंय. आराखडा लागू होऊन दहा वर्षं गेली आणि जागा संपादित झाली नाही, तर मालक कलम 127 ची नोटीस देऊ शकतो. त्यानंतर 24 महिन्यांत संपादनाची कायदेशीर पावलंही उचलली नाहीत तर आरक्षण उठतं. झाडं कितीही मोठी असोत. नोटीस आली का, कधी आली, हे माहितीच्या अधिकारात आजच विचारा.

हद्दवाढ
आरक्षणाची दुसरी बाजूही ऐका. आमच्या आजोबांची जमीन अशीच ‘बाग’ म्हणून रंगवून ठेवली होती. विकता येईना, बांधता येईना, पैसेही मिळेनात. टीडीआर घ्या म्हणाले, म्हणजे रोख पैशांऐवजी दुसरीकडे वापरायचा किंवा विकायचा बांधकामाचा हक्क. तो कागद घेऊन बिल्डरच्या दारात उभं राहायचं आणि तो म्हणेल तो भाव. लोकांना सावली हवी तर पालिकेनं रोख मोजावेत. फुकटची बाग सगळ्यांनाच आवडते.

सात रस्ता
हे मात्र बरोबर. पण पालिका रोख देणार म्हणजे आपण देणार. देऊ की! पाणी काही दिवसांआड येतं तरी पट्टी वर्षभराची भरतोच ना. आणि बागेतला हापसा विसरू नका. उजनीचं पाणी लांबलं की सगळी गल्ली तिथं घागरी घेऊन असते. तीन इमारती उठल्यावर तिथल्या लोकांनी प्यायचं काय?

पूर्वभागकर
थप्पीवाली ताई, तुमचा पहिला मुद्दा दोन दिवस डोक्यातून गेला नाही. आईंना मी सावलीसकट मोजलं, घरासकट नाही. चूक मान्य. तरी हरकत घेणारच. सिद्धरामेश्वरांनी खणलेलं तळं आजही गावाच्या मध्यभागी आहे, कारण ते बुजवून घरं बांधायची बुद्धी कोणाला झाली नाही. हरकतीत आता दोन मागण्या लिहिल्यात. पालिकेनं मागचा तुकडा मोबदला देऊन विकत घ्यावा, आणि घरं गावातच, पालिकेच्या पडून असलेल्या गोदामाच्या जागेवर व्हावीत. गोदाम बागेपासून पाच मिनिटांवर आहे. रविवारी हापशापाशी सह्या घेतोय. याल का?

थप्पीवाली
गोदामाचं पालिकेकडून लेखी आणा, मग बघू. कागदावर दोन मागण्या असल्या की पहिली मान्य होते आणि दुसरी ‘विचाराधीन’ राहते. आईला सगळं वाचून दाखवलं. तिनं एवढंच विचारलं, कोणता कडुनिंब जाणार, हापशाजवळचा की मागचा?

पूर्वभागकर
मागचा.

थप्पीवाली
मग तिच्या सहीचं तिलाच विचारा, रविवारी ती तिथंच असेल. मी माझी करणार नाही.