मदत हवी आहे : धावताना नडगी दुखते, भरतीचं ग्राउंड तोंडावर

रानवाट :
नमस्कार. वय 22, पोलीस भरतीची तयारी करते. 800 मीटरला मला 3 मिनिटं 20 सेकंद लागायचे. 20 पैकी 20 गुण हवे असतील तर 2 मिनिटं 50 सेकंदांत यावं लागतं. त्यामुळे दिवाळीनंतर जोर लावला. आधी दिवसाआड तीन किलोमीटर पळायचे, ते रोज सहा केले, आणि संध्याकाळी डांबरी रस्त्यावर स्प्रिंट. वेळ 3 मिनिटं 5 सेकंदांवर आली, पण पाय गेले.

दोन्ही पायांच्या नडगीला आतल्या बाजूने दुखतं. घोट्याच्या वर चार बोटांपासून वीतभर. सुरुवातीला पळायला लागलं की दुखायचं आणि अंग तापलं की थांबायचं. आता पळून झाल्यावरही ठणकतं, सकाळी खाटेवरून पाय खाली टेकवताना कळ येते. डावा पाय जास्त. अकॅडमीत सर म्हणतात, सगळ्यांची नळी भरते, पळत राहा, आपोआप जाईल. आई रात्री मिठाच्या पुरचुंडीने शेकते, तेल लावून चोळते. तेवढ्यापुरतं बरं वाटतं.

तीन आठवडे झाले. ग्राउंडला, म्हणजे मैदानी चाचणीला, साधारण दोन महिने आहेत. थांबले तर सराव मोडेल ही भीती वाटते. कुणाला यातून बाहेर पडल्याचा अनुभव असेल तर कृपया सांगा.

फिजिओ_सातारा :
ताई, आधी तीन गोष्टी तपासून कळवा. अंगठ्याने नडगीची आतली कड वरून खाली दाबत या : दुखणं लांब पट्ट्यात आहे की एका बोटाएवढ्याच जागी? रात्री झोपेत ठणकतं का? डाव्या पायावर चार-पाच लंगडी उड्या मारता येतात का? पट्ट्यात दुखत असेल तर बहुधा शिन स्प्लिंट, म्हणजे अति ताणाने नडगीच्या कडेला येणारं दुखणं. एकाच बिंदूवर जीव जात असेल, रात्री ठणकत असेल किंवा उडी मारवत नसेल, तर हाडाला बारीक चीर असू शकते. मग पळणं पूर्ण बंद आणि थेट हाडांचे डॉक्टर. सुरुवातीच्या दोन-तीन आठवड्यांत ही चीर एक्स-रेत बऱ्याचदा दिसत नाही, म्हणून एक्स-रे चांगला आला तरी दुखणं अंगावर काढू नका. पाळी नियमित येते का, जेवण पुरेसं होतं का, हेही डॉक्टरांना सांगा. हाडांसाठी ते फार महत्त्वाचं आहे.

रानवाट :
पट्ट्यात दुखतं, वीतभर. रात्री नाही. उडी मारता येते, थोडं दुखतं. पाळी नियमित आहे.

फिजिओ_सातारा :
मग घाबरू नका, पण पळत राहून हे जाणार नाही. पळताना हाडावर ताण येतो आणि विश्रांतीत हाड स्वतःला पुन्हा भरून काढतं. तुम्ही अंतर एकदम चौपट केलं, तेही डांबरावर. भरून निघायला वेळच मिळाला नाही.

सध्या पळणं थांबवा, सायकल चालवा, विहिरीत पोहता येत असेल तर उत्तमच. दम टिकून राहील. शेकण्यापेक्षा फडक्यात गुंडाळलेला बर्फ 15 मिनिटं लावा. आईंना सांगा, पोटरी हलक्या हाताने चोळा, हाडावर दाब नको. वेदनाशामक गोळी घेऊन पळणं तर अजिबात नको, दुखणं झाकलं जातं आणि इजा वाढते.

खरं औषध पोटरीची ताकद. पायरीच्या कडेवर चवडे ठेवून टाचा वर उचलायच्या, सावकाश खाली सोडायच्या. 15 वेळा, तीन फेऱ्या. आधी गुडघे सरळ ठेवून, मग किंचित वाकवून. वाकवून करणं कुणी शिकवत नाही, पण नडगीलगतचा खोल स्नायू त्यानेच तयार होतो.

आणखी एक. ओल्या पायाने फरशीवर उभ्या राहा. मधला बाक न दिसता अख्खा तळवा उमटला, म्हणजे पाय सपाट असला, तर सांगा.

खाकी :
मी याच चुकीने एक भरती घालवली. गोळ्या खाऊन पळलो, ग्राउंडच्या आठ दिवस आधी चालता येईना. तपासात चीर निघाली. बहिणी, दोन महिने कमी नाहीत. पाय बरा होईपर्यंत गोळाफेक धर. तिला 15 गुण आहेत आणि 4 किलोचा गोळा उभ्या जागेवरून टाकायचा सराव करता येतो. बूट कोणते आहेत?

रानवाट :
तळवा अख्खा उमटला. बूट मामेभावाचे जुने. आत्ता उलटे करून पाहिले, डाव्याची टाच आतून झिजून तिरकी झालीय. इतके दिवस लक्षच गेलं नव्हतं.

फिजिओ_सातारा :
ते बूट आजच बाजूला ठेवा. महाग नकोत, पण आपल्या मापाचे, टाचेला घट्ट बसणारे आणि बाकाला आधार देणारे घ्या. झपाझप चालताना आणि हाड दाबल्यावर दुखणं थांबलं की मातीवर सुरुवात : एक मिनिट पळणं, दोन मिनिटं चालणं, दिवसाआड. लांब ढांगा टाकू नका, पावलं लहान आणि जलद ठेवा. स्प्रिंट सगळ्यात शेवटी. दुसऱ्या दिवशी सकाळी दुखलं तर एक पायरी मागे या.

रानवाट (26 दिवसांनी) :
फिजिओताई, खाकीदादा, मनापासून आभार. 17 दिवस पळाले नाही. सरांना नाही म्हणताना रडू आलं होतं. आता सकाळी पाय टेकवताना कळ येत नाही. गोळा सव्वापाच मीटर जातोय, आधी साडेचार जायचा. काल शाळेच्या मैदानात एक मिनिटाच्या आठ फेऱ्या झाल्या, आज दाबून पाहिलं, उजवा अगदी मोकळा, डाव्याला जरासं जाणवतं. तर उद्या आठच फेऱ्या ठेवू की सहावर येऊ?

फिजिओ_सातारा :
सहा. आणि टाचा उचलणं सोडू नका.