गर्ल स्काउट कुकीज घ्यायच्या का? शेजारची मुलगी शनिवारी येतेय, सल्ला द्या

कडीपत्ता

नमस्कार मंडळी. आम्ही अमेरिकेत ईस्ट कोस्टला, चार वर्षं झाली. इथे गर्ल स्काउट म्हणजे आपल्या गाइडसारखी मुलींची संस्था, त्या मुली निधीसाठी बॉक्समधल्या कुकीज विकतात. दरवर्षी जानेवारीत ऑफिसच्या किचनमध्ये कुणाच्या तरी मुलीचा कुकीजच्या ऑर्डरचा कागद लागतो आणि मी चहाचा कप घेऊन नजर चुकवून सटकते. यंदा सटकायला जागा नाही कारण समोरच्या घरातली तिसरीतली मुलगी, तिने मागच्या आठवड्यात तिच्या बाबांबरोबर येऊन आमच्या पायऱ्यांवरचा बर्फ काढून दिला, आम्ही सांगितलं पण नव्हतं, आणि जाताना म्हणाली शनिवारी मी कुकीज घेऊन येणार आहे हं. आता हिला नाही कसं म्हणू.

अडचणी अशा. नवऱ्याच्या व्हॉट्सॅपवर फिरतंय की या कुकीजमध्ये शिसं, आर्सेनिक, तणनाशक सगळं सापडलंय. मी स्वतः पामतेल शक्यतो टाळते, जंगलांमुळे, आणि यांच्या बॉक्सवर पामतेल लिहिलेलं असतं. सासरे नाशिकहून सहा महिन्यांसाठी आलेत, त्यांना शुगर आहे आणि ते घरातलं गोड वासावरून शोधून काढतात. आणि आमची लेक दुसरीत आहे, ती म्हणते सगळे घेतात, आपणच का नाही.

नुसते दहा डॉलर तिच्या हातात ठेवले तर चालेल का की वाईट दिसेल? इथे जुने लोक आहेत त्यांनी सांगा.

सोलकढी

अगं एवढा काय विचार. एक बॉक्स थिन मिंट (पुदिना-चॉकलेटची कुकी) घे, फ्रीझरमध्ये टाक, महिनाभर पुरव. फ्रीझरमधली थिन मिंट म्हणजे काय चीज आहे ते एकदा कळलं की हा धागा तूच डिलीट करशील.

निवृत्त_कुकीमॉम

मी तीन वर्षं आमच्या ट्रूपची, म्हणजे पथकाची, कुकी मॉम होते. म्हणजे गराजमध्ये छतापर्यंत खोके आणि रात्री अकरा वाजता स्वयंपाकघरात चिल्लर मोजत बसलेली बाई. त्यामुळे मला बोलायचा हक्क आहे.

आधी पैशाचं. बॉक्स आता बहुतेक ठिकाणी सहा किंवा सात डॉलरला आहे. त्यातले काही बेकरीला जातात, मोठा वाटा कौन्सिलला (संस्थेची त्या भागातली शाखा), तो कॅम्पच्या जागा, ट्रेनिंग, पगार वगैरेसाठी, आणि उरलेलं ट्रूपला. आमच्या ट्रूपच्या हातात बॉक्समागे डॉलरच्या आतबाहेर पडायचे. तेव्हा पोरींना मदत म्हणून पाच बॉक्स घेतले तर त्यांच्या ट्रिपला पाचेक डॉलर आणि तुझ्या कंबरेला पाच बॉक्स, असा तो हिशोब आहे.

नुसते पैसे देण्याबद्दल. मुलींनी दारोदार पैसे मागायचे नाहीत असा नियम असतो, पण तू आपणहून दिलेस तर बहुतेक ट्रूप घेतात. मात्र लहान मुलीच्या हातात नोट कोंबू नकोस, सोबत मोठं माणूस असेल त्याला विचार. अजून एक सोय असते, डोनेशनचा बॉक्स. तू पैसे भरायचे आणि कुकीज सैनिकांना किंवा फूड बँकेला जातात. नाव प्रत्येक कौन्सिलचं वेगळं. मुलीच्या खात्यात विक्री धरली जाते, तिचा बॅज वगैरे हुकत नाही, तुझ्या घरात साखर येत नाही.

आणि एक, मुलगी दारात आली की तिलाच बोलू दे. शेजारी उभ्या आईला विचारू नकोस. ती पोर आठवडाभर आरशासमोर वाक्यं पाठ करते गं. आमच्यातली एक तर एवढी घाबरली होती की थेट म्हणाली, तुम्हाला नकोच असतील ना?

जाता जाता, ही विक्री १९१७ ला ओक्लाहोमातल्या मस्कोगी गावात सुरू झाली, मुली घरी भाजून शाळेच्या कॅफेटेरियात विकायच्या. १९२२ ला त्यांच्या मासिकात रेसिपी आली होती, एक कप लोणी, एक कप साखर, दोन अंडी, दोन कप मैदा असं. सहासात डझनांना २६ ते ३६ सेंट खर्च आणि डझनाला २५-३० सेंट भाव. पामतेलाचा पत्ता नाही. आता सगळं दोन मोठ्या बेकऱ्यांमधून येतं, म्हणून एकाच कुकीची दोन नावं, तुमच्याकडे समोआ तर पलीकडच्या गावात तीच कॅरॅमल डिलाइट.

पिपेट

फूड टेस्टिंगच्या लॅबमध्ये काम करतो, त्यामुळे नवऱ्याच्या व्हॉट्सॅपचं मी बघतो.

तो फॉरवर्ड डिसेंबर २०२४ च्या एका रिपोर्टवरून आहे. दोन कार्यकर्त्या संघटनांनी तीन राज्यांतून २५ कुकीज घेऊन तपासून घेतल्या. धातू सापडले, ग्लायफोसेट नावाचं तणनाशकही सापडलं, मार्च २०२५ मध्ये त्यावरून न्यूयॉर्कच्या फेडरल कोर्टात दावा पण झाला. सापडले हे खोटं नाही. पण गहू, कोको, तांदूळ काहीही लॅबमध्ये घातलंत तर जमिनीतलं थोडं शिसं-कॅडमियम येणारच. प्रश्न किती हा असतो, आणि तिथे रिपोर्टने गंमत केली आहे, आकडे पिण्याच्या पाण्याच्या मर्यादेशी लावले. पाणी माणूस दिवसाला दोन लिटर पितो. कुकीज दोन किलो खातो का? (सोलकढी, तुम्ही उत्तर देऊ नका.)

हिशोब करून बघा. चार थिन मिंट म्हणजे साधारण ३० ग्रॅम. समजा त्यात २० पीपीबी (अब्ज भागांत वीस भाग) शिसं आहे, मी नुसतं उदाहरण घेतोय, तर पोटात गेलं ०.६ मायक्रोग्रॅम. लहान मुलांसाठी एफडीए (इथलं अन्न-औषध खातं) जो दिवसाचा संदर्भ आकडा वापरते तो २.२. म्हणजे चार कुकीजमध्ये त्या कोट्यातला पावभाग गेला, शून्य नाही पण हाय खाण्यासारखंही नाही, रोज खायला लागलात तर वेगळी गोष्ट. ग्लायफोसेट थिन मिंटमध्ये सगळ्यात जास्त म्हणजे शंभर पीपीबीच्या आसपास दाखवलंय, आणि गव्हासाठी इथली सरकारी मर्यादा आहे ३० पीपीएम, म्हणजे ३०,००० पीपीबी. ती मर्यादाच फार ढिली आहे असं कुणी म्हणालं तर मी वाद घालणार नाही, पण मग घरातली पोळीसुद्धा त्याच यादीत येते.

खरंच शिशाची काळजी असेल तर भारतातून बॅगेत आणलेली सुटी हळद आधी बघा. पिवळी दिसावी म्हणून त्यात कधीकधी लेड क्रोमेट (शिशाचा पिवळा रंग) घालतात, न्यूयॉर्क शहराच्या आरोग्य खात्याला परदेशातून आणलेल्या मसाल्यांत भरपूर शिसं सापडलेलं आहे. तसंच डबीतलं काजळ. हे कुणी फॉरवर्ड करत नाही, कारण हळद आपली.

कडीपत्ता

@पिपेट, बाप रे. सासूबाईंनी दोन किलो हळद पाठवली आहे.

पिपेट

अख्खे हळकुंड आणून घरी दळलेली असली तरी पूर्ण खात्री नाही, हळकुंडांना पॉलिश करतानाही तो रंग लावतात कधीकधी. सुट्या पावडरीची तर अजिबात नाही.

रानवाट

पामतेलावर मी बोलते, कारण इथे सगळे ते बाजूला टाकतील.

पामतेलाचा विषय गर्ल स्काउटमधल्या मुलींनीच काढला होता. मिशिगनमधल्या अॅन आर्बरच्या दोघी, रिआनन टॉमटिशेन आणि मॅडिसन व्होर्वा, २००७ मध्ये ओरांगउटानवर बॅजसाठी प्रोजेक्ट करत होत्या. बोर्निओ-सुमात्राची जंगलं पामच्या मळ्यांसाठी तुटतात हे वाचलं, आणि मग आपल्याच कुकीजच्या बॉक्सवर तेच तेल. दोघींनी कुकीज विकणं बंद केलं आणि संस्थेच्या मागे लागल्या. २०११ मध्ये संस्थेने शाश्वत (जंगल न तोडता काढलेल्या) पामतेलाची सर्टिफिकेटं घ्यायचं कबूल केलं, चार वर्षं घासल्यावर. आता दोन्ही बेकऱ्या सर्टिफाइड म्हणतात, पण ते मास बॅलन्स पद्धतीचं, म्हणजे चांगल्या मळ्यातलं आणि कुठल्याही मळ्यातलं तेल एकाच टाकीत जातं आणि कागदावर टक्केवारी जुळवतात. आपल्याकडे डेअरीत गायीचं-म्हशीचं दूध एकाच कॅनमध्ये ओततात तसं. तुमच्या बॉक्समधलं तेल नक्की कुठलं हे बेकरीला पण सांगता येणार नाही. २०२० च्या डिसेंबरमध्ये एपी या वृत्तसंस्थेने इंडोनेशिया-मलेशियातल्या मळ्यांत लहान मुलं राबतात यावर मोठी बातमी केली, त्यात धागा याच कुकीजपर्यंत नेला होता. इकडे मुली कुकीज विकतात, तिकडे त्यांच्याच वयाच्या मुली फळं वेचतात. मला ते वाचून खरंच घास उतरला नव्हता.

मी घेत नाही. ट्रूपला चेक देते.

रिकामटेकडा

रानवाट, तुमचं पटतं हो, पण आपल्या इंडियन स्टोअरमधून आणलेला चिवडा, भाकरवडी, फरसाण, ग्लुकोजची बिस्किटं, मागचं लेबल वाचा एकदा. पामोलिन, पामोलिन, पामोलिन. आणि गावाकडे २०२२ च्या दिवाळीला सरकारने आनंदाचा शिधा दिला शंभर रुपयांत, रवा, चणाडाळ, साखर किलो किलो आणि एक लिटर पामतेल. जगात सगळ्यात जास्त पामतेल आयात करणारा देश आपला. तेव्हा बोर्निओच्या माकडांचं पाप त्या तिसरीतल्या पोरीच्या गळ्यात मारू नका.

रानवाट

पोरीच्या गळ्यात कोण मारतंय. आणि चिवडा मी घरी करते, शेंगदाण्याच्या तेलात. दुसरीकडे जास्त आहे म्हणून इथे बोलायचंच नाही का?

पिपेट

दोघांच्या मध्ये पडतो. पामतेल बिस्किटात आलं कशाने? बिस्किटाला घरातल्या साध्या तापमानाला घट्ट राहणारी चरबी लागते. आधी त्यासाठी हायड्रोजनेटेड तेल असायचं, म्हणजे आपला डालडा समजा. त्यातले ट्रान्स फॅट हृदयाला वाईट म्हणून इथे २०१८ पासून बंदी आली आणि कंपन्या पामकडे वळल्या. शिवाय पामचं झाड हेक्टरी तीनचार टन तेल देतं, सोयाबीन अर्ध्या टनाच्या आसपास. सगळ्यांनी पाम सोडून सोया धरलं तर जमीन अजून लागेल. त्यामुळे नुसतं सोडून भागत नाही, कुठून आणता ते विचारत राहणं जास्त कामाचं. त्या दोघींनी नेमकं तेच केलं.

तीन_साखरा

डायबेटिसवाल्या घरातून लिहितोय. चार थिन मिंट म्हणजे १६० च्या आसपास कॅलरी आणि दोन-अडीच लहान चमचे साखर. आरोग्याचं म्हणाल तर भीती याची आहे, शिशाची नंतर. आमच्या वडिलांना आम्ही बॉक्स दाखवतच नाही असं करून बघितलं, त्यांनी लाँड्रीच्या कपाटातून शोधला. आता उलट करतो, जेवणानंतर बशीत दोन काढून द्यायच्या, सगळ्यांसमोर, आणि बॉक्स उरलेला ऑफिसला. लपवलं की माणूस चोरून सहा खातो. सुटी विकत नाहीत हीच खरी अडचण आहे.

पेठेतली_पुणेकर

मी अमेरिकेत नाही तरी बोलते. आम्ही गाइडमध्ये होतो तेव्हा शाळेत खरी कमाई असायची, आठवतंय का कुणाला? भेळेचा स्टॉल लावायचा, काका-काकूंच्या सायकली पुसायच्या, गाजराचा हलवा विकायचा, आणि ती कमाई पथकाला. माझ्या भेळेत चिंचेचं पाणी एवढं झालं होतं की आमच्या गणिताच्या बाईंनी दोन घास खाऊन पूर्ण पैसे दिले आणि म्हणाल्या उरलेली डब्यात नेते. आज कळतं की नेली नसणार. कडीपत्ता, एक बॉक्स घे गं.

निवृत्त_कुकीमॉम

हाहा, खरी कमाई! पण फरक बघा, आपण भेळ स्वतः कालवायचो. इथे मुलींनी घरी भाजून विकायची परवानगीच नाही, ठरलेल्या बेकरीचा माल विकायचा. मला तीन वर्षं तेच खुपत होतं. विकायला शिकतात, हिशोब शिकतात, नकार पचवायला शिकतात हे सगळं खरं, पण काय विकतोय ते त्यांच्या हातात नाही. आणि बऱ्याच ठिकाणी ट्रूपने उचललेला माल परत जात नाही. एका वर्षी मीच उत्साहात चाळीस खोके जास्त मागवले होते, एप्रिलपर्यंत आमच्या घरी प्रत्येक पाहुण्याला निघताना एक बॉक्स, ओटी भरल्यासारखा.

कडीपत्ता

मंडळी, झालं एकदाचं. सांगते.

शनिवारी अकराला बेल वाजली. पोर बाहेर, बाबा ड्राइव्हवेत. तिने हातमोजे काढून कागद पुढे केला आणि एका दमात सगळी नावं म्हणून टाकली. मी ठरवलं होतं तसं एक थिन मिंट आणि एक डोनेशनचा सांगितला. तेवढ्यात माझी लेक, जिने हा धागा माझ्या खांद्यावरून वाचून घेतला होता म्हणजे मी वाचून दाखवला होता, तिने विचारलं, याच्यातलं पामतेल कुठून येतं? मी जमिनीत गेले. ती पोर मात्र अजिबात नाही दचकली, म्हणाली माहीत नाही, आमच्या लीडरला विचारते, आणि कागदाच्या मागे पेन्सिलने लिहून घेतलं. स्पेलिंग चुकलं होतं, माझ्या लेकीने दुरुस्त केलं, मग दोघी तिथेच पायरीवर बसून कुठल्या कुकीत काय असतं ते वाचत बसल्या.

आणि सासरे. आतून त्यांना समोआ ऐवजी समोसा ऐकू आलं. बाहेर येऊन म्हणाले, घरचे आहेत का? दोन डझन सांग. मी खुलासा करेपर्यंत त्यांनी पाकिटातून दहाची नोट काढली होती, परत घ्यायला तयार नाहीत, म्हणे पोरीने सांगितलं आणि आपण मागे घ्यायचं, बरं दिसतं का. तर एक समोआ पण आला. तो @तीन_साखरा यांच्या पद्धतीने जेवणानंतर बशीतून चाललाय, माणशी एक. काल त्यांनी खाऊन बघून सांगितलं, नारळीपाक बरा असतो याच्यापेक्षा, आणि आज विचारत होते बशी कुठाय.

@रानवाट, लीडरचं उत्तर आलं की इथे टाकते. @पिपेट, दोन किलो हळदीचं काय करू ते मात्र सांगा, सासूबाईंचा रविवारी व्हिडिओ कॉल आहे.