मदत हवी आहे: भावाच्या अपघाताची केस, कंपनी उत्तरच देत नाहीये

नमस्कार मंडळी, माझा धाकटा भाऊ रबाळे एमआयडीसीत एका वर्कशॉपमध्ये पॉवर प्रेसवर (पत्रा दाबून कापायचं मशीन) होता, २०२३ च्या डिसेंबरमध्ये उजव्या हाताची दोन बोटं गेली. मशीनचा गार्ड आधीच काढून ठेवलेला, का तर म्हणे प्रॉडक्शन स्लो होतं. पगार २४ हजार, म्हणजे ईएसआयसीच्या (कामगार राज्य विमा) तेव्हाच्या २१ हजारांच्या मर्यादेच्या वर, त्यामुळे तो विमा नाही, म्हणून वकिलांनी तेव्हा लागू असलेल्या १९२३ च्या कर्मचारी नुकसानभरपाई कायद्याखाली ठाण्याच्या कामगार न्यायालयात दावा टाकला. मालक पहिल्या दोन तारखांना आलाच नाही, मग वकील पाठवला तो नुसती मुदत मागतोय, कैफियत (लेखी उत्तर) अजून नाही आणि वर बाहेर सांगत फिरतात की हा आमचा माणूसच नव्हता, ठेकेदाराचा होता. अहो मग पगार तुमच्या खात्यातून कसा यायचा! बँक स्टेटमेंट, गेटपास, हॉस्पिटलचे पेपर आमच्याकडे आहेत, हजेरी रजिस्टर मात्र त्यांच्याच कपाटात. एकतर्फी ऑर्डरसाठी (म्हणजे मालकाच्या उत्तराशिवाय निकाल) अर्ज करावा का, की ती नंतर रद्द करून घेतात? रजिस्टर कोर्टामार्फत मागवता येतं का? आणि त्या कायद्यात १२ टक्के व्याज आणि ५० टक्क्यांपर्यंत दंड होता, तो कोणाला खरंच हातात मिळालाय का? पुढची तारीख जवळ आलीये, प्लीज लवकर सांगा.