भिशीच्या वादातून ब्लॉक केलेल्या मैत्रिणीला अनब्लॉक करावे का?

गोदाकाठ:
नमस्कार. प्रश्न अर्धा तांत्रिक आहे आणि अर्धा नाही, म्हणून थोडे सविस्तर लिहिते. आमची बारा जणींची दरमहा ३,००० रुपयांची भिशी होती आणि तिचा हिशेब माझी एक जुनी मैत्रीण पाहत असे. २०२२ च्या जूनमध्ये चिठ्ठी माझ्या नावाची निघाली, परंतु मला न विचारताच तिने ते ३६,००० रुपये दुसऱ्या एकीला मुलीच्या प्रवेशासाठी देऊन टाकले. दोन महिन्यांनी मला सगळी रक्कम मिळाली, त्यामुळे तक्रार पैशांची नाही. मी ग्रुपवर जाब विचारला तेव्हा तिने सगळ्यांदेखत "तुला काय कमी आहे?" असे लिहिले, ते मला फार लागले. त्याच रात्री मी ग्रुप सोडला आणि तिला व्हॉट्सअ‍ॅप, फेसबुक आणि फोन अशा तिन्ही ठिकाणी ब्लॉक केले.

परवा फेसबुकच्या सेटिंगमध्ये भलतेच काही शोधताना ब्लॉक केलेल्यांची यादी उघडली. त्यात दोन बनावट खाती होती, एका लग्नात भेटलेले एक चिकट गृहस्थ होते, आणि ती होती. त्या पंगतीत तिचे नाव पाहून माझे मलाच ओशाळल्यासारखे झाले. अनब्लॉक केल्यास तिला सूचना जाते का? आणि मनातले सांगायचे तर, इतक्या काळात तिने साधी विचारपूसही केलेली नाही, मग पुढाकार मीच का घ्यावा?

तारयंत्र:
सूचना जात नाही. मात्र फेसबुकवर अनब्लॉक केल्याने तुम्ही पुन्हा मैत्रिणी होत नाही. त्यासाठी नव्याने रिक्वेस्ट पाठवावी लागते आणि ती अर्थातच तिला दिसते. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा: एकदा अनब्लॉक केलेल्या व्यक्तीला फेसबुकवर ४८ तास पुन्हा ब्लॉक करता येत नाही. रात्री झोप येत नाही म्हणून हा उद्योग करू नका, एवढेच सुचवेन.

पायवाट:
माझे मत थोडे कडू आहे. आपण अनब्लॉक करतो ते पुष्कळदा समोरच्याचे काय चालले आहे हे पाहण्यासाठी. मी स्वतः एका मित्राच्या बाबतीत तेच केले, पंधरा दिवस त्याच्या नव्या घराचे फोटो पाहिले आणि पुन्हा ब्लॉक केले. त्याला यातले काहीच कळले नाही. बोलायचे नसेल तर यादी आहे तशी राहू द्यावी.

उंबरठा:
गोदाकाठताई, तुमच्या शेवटच्या वाक्यावर मी अडले. तिने विचारपूस केली नाही हे तुम्हाला कशावरून कळले? व्हॉट्सअ‍ॅपवर ब्लॉक असताना कोणी काही पाठवले तर ते आपल्यापर्यंत येत नाही, आणि पुढे अनब्लॉक केले तरी तो मेसेज मागाहून पोहोचत नाही; पाठवणाऱ्याला मात्र एक करडी खूण दिसत राहते. मी त्या दुसऱ्या बाजूला होते. सासूबाई गेल्या तेव्हा माझ्या मैत्रिणीला दोन ओळी लिहिल्या होत्या, आणि तेराव्यापर्यंत रोज फोन उघडून ती एक खूण पाहत असे. तिने मला ब्लॉक केले आहे हे कळायलाही मला आठ दिवस लागले, कारण आधी मला तिचे नेटच बंद असेल असे वाटत होते. दार आपण लावून घ्यायचे आणि कोणी आले नाही म्हणून रुसायचे, असे तर होत नाही ना, हे एकदा तपासा. फोनवरही ब्लॉक केले होते म्हणता, तर साध्या मेसेजचे अ‍ॅप उघडून पाहा. गूगलच्या अ‍ॅपमध्ये 'स्पॅम आणि ब्लॉक केलेले' असा वेगळा कप्पा असतो. अनब्लॉक केलेत तर रिक्वेस्ट पाठवण्याआधी सरळ फोन करा. बटण दाबल्याचे तिला कळणार नाही, पण तुमचा आवाज ती ओळखेल.

गोदाकाठ:
सर्वांचे आभार. उंबरठाताई, तो कप्पा मी आजवर उघडलाच नव्हता. कर्जाच्या आणि लॉटरीच्या मेसेजांखाली तिचा एक मेसेज निघाला, २०२३ च्या फेब्रुवारीतला. त्यात ना माफी आहे ना भिशीचा उल्लेख. "तुझे पुरणयंत्र माझ्याकडेच राहिले आहे. होळी जवळ आली, तुला लागेल. वॉचमनकडे ठेवू का?" एवढेच आहे. त्या वर्षी मी, ती वस्तू बुडाली असे धरून, चरफडत नवे पुरणयंत्र विकत आणले होते. नंबर अनब्लॉक केला आहे. आता साडेनऊ वाजले आहेत, ती दहाला जेवायला बसते, म्हणून उद्या सकाळी फोन करीन.