मदत हवी आहे : शेताची वाट, हक्क की नुसती परवानगी?
मंडळी, आमच्या शेतात जायला शेजारच्या गटातून (म्हणजे शेजारच्या जमिनीतून) गाडीवाट आहे, आजोबांच्या काळापासूनची. यंदा नव्या मालकाने तिथे काटेरी तार ओढली. ऊस तोडणीला आलाय आणि ट्रॅक्टर बाहेरच उभा.

१८८२ च्या सुविधाधिकार (दुसऱ्याची जमीन वाटेसारख्या कामासाठी वापरण्याचा हक्क) कायद्याच्या कलम १५ प्रमाणे असा हक्क मिळायला २० वर्षं उघड, अखंड आणि हक्काने वापर लागतो. घोडं त्या ‘हक्काने’पाशीच अडलंय. समोरचा म्हणतो, “आधीच्या मालकाने तुम्हाला नुसती परवानगी दिली होती.” लेखी काहीच नाही (तेव्हा कोण लिहून घेत होतं!). मग हे सिद्ध कोणी करायचं, त्याने की आम्ही? आणि १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्याखाली (वाटेतला अडथळा तहसीलदारांकडून हटवून घेता येतो तो) आधी तहसीलदारांकडे जावं, की थेट दिवाणी दावा लावावा? तहसीलदारांकडे जायची सहा महिन्यांची मुदत चालू झालीय. कोणी असं प्रकरण लढवलं असेल तर कृपया सांगा.